अवतारांद्वारे अशाब्दिक संप्रेषण

संगणकाने निर्माण केलेल्या आभासी अवकाशात एखाद्या व्यक्तीचे प्रतिनिधित्व करणाऱ्या व तिच्या नियंत्रणाखाली हालचाल करणाऱ्या आकृतीला ‘अवतार’ ही संज्ञा आहे. अवताराची नजर, चेहऱ्यावरील भाव, हातवारे, देहस्थिती, इतरांपासून राखलेले अंतर, वेश व रूप यांच्या द्वारे शब्दांवाचून जो आशय एका व्यक्तीकडून दुसरीकडे पोहोचतो, त्याला अवतारांद्वारे होणारे अशाब्दिक संप्रेषण म्हणतात. एकमेकांपासून दूर असलेल्या व्यक्तींना संघ म्हणून काम करण्याचे प्रशिक्षण देताना या संप्रेषणाला विशेष महत्त्व येते. जहाजावरील यंत्रकक्ष, रुग्णालयातील तातडीचा उपचार-विभाग, सैनिकी तुकडी किंवा निरनिराळ्या शहरांत विखुरलेला अभियंत्यांचा गट यांमध्ये परस्परांच्या हालचालींकडे लक्ष ठेवणे हा कामाचाच भाग असतो. हे लक्ष आभासी अवकाशात ठेवता येते की नाही, यावर अशा प्रशिक्षणाची उपयुक्तता बव्हंशी अवलंबून असते.

संज्ञा : ‘अवतार’ हा मूळ संस्कृत शब्द ‘अव’ (खाली) व ‘तृ’ (तरून जाणे) यांपासून बनलेला असून ‘खाली उतरणे’ असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजी भाषेने तो धार्मिक अर्थाने पूर्वीच स्वीकारला होता. संगणकाच्या क्षेत्रात तो १९८५ च्या सुमारास आला. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘अल्टिमा ४’ या खेळात खेळाडूने ‘अवतार’ पदाला पोहोचणे हे उद्दिष्ट होते. १९८६ मध्ये चाचणीसाठी खुल्या झालेल्या ‘हॅबिटॅट’ या लूकासफिल्म कंपनीच्या जालबद्ध खेळात पडद्यावरील आकृतीलाच हे नाव देण्यात आले. चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर हे त्याचे प्रमुख निर्माते होत. नील स्टीव्हन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) या कादंबरीने हा शब्द सर्वतोमुखी केला. ज्या आकृतीमागे माणूस नसून केवळ संगणकाचा कार्यक्रम असतो, तिला अवतार न म्हणता स्वयंचलित पात्र म्हणणे अधिक योग्य ठरते. प्रशिक्षणात या दोहोंचाही उपयोग केला जातो.

अशाब्दिक संप्रेषणाचे प्रकार : देहाच्या भाषेचा पद्धतशीर विचार भारतात फार प्राचीन काळी झाला. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले असून दृष्टी, भुवया, मान व हस्तमुद्रा यांचे तपशीलवार वर्गीकरण केलेले आढळते. आधुनिक काळात चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांनी मानव व इतर प्राणी यांच्या भावाविष्कारावर १८७२ मध्ये ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रे बर्डव्हिसल (१९१८–९४) यांनी देहचलनांच्या अभ्यासाचा आणि एडवर्ड टी. हॉल (१९१४–२००९) यांनी व्यक्ती-व्यक्तींमधील अंतराच्या अभ्यासाचा पाया घातला. हॉल यांनी सु. ४५ सेंमी.पर्यंतचे निकटचे, त्यापुढे सु. १·२ मी.पर्यंतचे व्यक्तिगत, सु. ३·६ मी.पर्यंतचे सामाजिक व त्यापलीकडील सार्वजनिक असे अंतराचे चार पट्टे कल्पिले. हे आकडे अमेरिकेच्या ईशान्य भागातील मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणावर आधारलेले असून ते सर्व समाजांना लागू करू नयेत, असे त्यांनीच बजावले होते.

पॉल एकमन व वॉलेस फ्रीझेन यांनी १९६९ मध्ये केलेले पाच प्रकारांचे वर्गीकरण अवतारांच्या रचनेत उपयोगी पडते : (१) शब्दाऐवजी वापरल्या जाणाऱ्या ठराविक खुणा, उदा., तोंडावर बोट ठेवून ‘गप्प’ असे सुचविणे. (२) बोलण्याला साथ देणारे हातवारे, उदा., वस्तूकडे बोट दाखविणे वा तिचा आकार हवेत काढून दाखविणे. (३) संभाषणाचे नियमन करणाऱ्या क्रिया, उदा., मान डोलावणे, बोलण्याची पाळी दुसऱ्याला देताना त्याच्याकडे पाहणे. (४) भावदर्शक मुद्रा. आणि (५) अस्वस्थतेत नकळत होणाऱ्या क्रिया, उदा., केस सारखे करणे, बोटे चाळविणे. यांपैकी पहिला प्रकार अवताराला सर्वांत सहज शिकविता येतो, कारण तो जाणीवपूर्वक केला जातो. तिसरा व पाचवा हे बहुधा नकळत घडत असल्याने ते कळ दाबून व्यक्त करण्याची कल्पनाच विसंगत ठरते. मूकबधिरांची खुणांची भाषा मात्र या वर्गीकरणात बसत नाही. तिला स्वतःचे व्याकरण असल्यामुळे ती पूर्ण अर्थाने भाषाच होय.

एकूण संदेशापैकी केवळ ७ टक्के भाग शब्दांचा, ३८ टक्के स्वराचा व ५५ टक्के चेहऱ्याचा असतो, असे विधान प्रशिक्षणाच्या पुस्तकांतून वारंवार आढळते. त्याचे मूळ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग एकेका सुट्या शब्दाबाबत आणि शब्द, स्वर व चेहरा परस्परविरोधी असताना आवड-नावड कशी ओळखली जाते एवढ्यापुरतेच होते. सर्व संभाषणाला हे प्रमाण लावणे चुकीचे आहे. पथकप्रमुखाने दिलेल्या आज्ञेतील औषधाची मात्रा वा झडपेचा क्रमांक शब्दांतूनच कळतो. ती आज्ञा कोणाला उद्देशून आहे, तिने ती ऐकली काय आणि तिला ती पटली काय, हे मात्र पुष्कळदा शब्दांबाहेर राहते.

सांघिक कार्यातील स्थान : २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफे येथील धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. दुसरे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे काय, अशी शंका एका विमानाच्या उड्डाण-अभियंत्याने काढली होती, परंतु ती मागे पडली आणि उड्डाण चालूच राहिले. ही व अशा प्रकारच्या इतर दुर्घटना यांच्या अभ्यासावरून, वैयक्तिक कौशल्य उत्तम असूनही संघ म्हणून वागण्यातील दोष प्राणघातक ठरतो, हे स्पष्ट झाले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने भरविलेल्या परिसंवादातून वैमानिकांच्या सांघिक प्रशिक्षणाची पद्धती पुढे आली व पुढे ती शस्त्रक्रियागृहे, जहाजे व अणुविद्युत् केंद्रे यांतही पसरली. आज्ञा मिळताच ती पुन्हा उच्चारून पोच देणे, शंका निःसंकोचपणे मांडणे आणि सहकाऱ्याची तारांबळ उडालेली पाहून न सांगता मदतीला जाणे, ही या प्रशिक्षणाची मुख्य सूत्रे आहेत. यांपैकी शेवटचे सूत्र तर सर्वस्वी निरीक्षणावर अवलंबून आहे. जो सहकारी दिसत नाही, त्याचा गोंधळ कळण्याचा मार्ग उरत नाही.

एकत्र काम करणाऱ्या व्यक्ती तीन गोष्टी नजरेने सतत टिपत असतात : कोण कोठे आहे, कोण कशाकडे पाहत आहे आणि आता बोलण्याची पाळी कोणाची. अ‍ॅडम केंडन यांनी १९६७ मध्ये दाखविल्याप्रमाणे बोलणारा माणूस दीर्घ बोलण्याच्या आरंभी सामान्यतः नजर बाजूला वळवितो व बोलणे संपविताना पुन्हा श्रोत्याकडे पाहतो. हे पाहणे म्हणजे पाळी सोडल्याची खूण होय. दहा भाषांच्या २००९ मधील तौलनिक अभ्यासात प्रश्न व उत्तर यांमधील विराम सरासरी सु. ०·२ सेकंद एवढाच आढळला. दूरस्थ यंत्रणेत संदेश पोहोचण्यास तेवढाच वेळ लागला, तरी दोघे एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात आणि दोष मात्र एकमेकांच्या स्वभावाला दिला जातो.

ऐतिहासिक आढावा : जालाने जोडलेल्या आभासी अवकाशातील सांघिक प्रशिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन यंत्रणेने १९८० नंतरच्या दशकात उभारलेली ‘सिमनेट’ ही रणगाडा-पथकांची योजना होय. तीत माणसांच्या आकृतींऐवजी रणगाडेच पडद्यावर दिसत. तोफेची दिशा व वाहनाची हालचाल यांवरूनच पथकांना एकमेकांचा हेतू ओळखावा लागे.

१९९० नंतरच्या दशकात संशोधकांचे लक्ष मानवी आकृतीकडे वळले. स्वीडनमधील ‘डाइव्ह’ व इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाची ‘मॅसिव्ह’ या यंत्रणा त्या काळातील प्रमुख होत. ‘मॅसिव्ह’मधील अवतार ठोकळ्यांचे बनविलेले असत. तथापि ज्याच्याकडे ध्वनीची सोय आहे, त्याच्या अवताराला कान दिलेले असत आणि ज्याला साध्या सपाट पडद्यावर पाहावे लागते, त्याचा अवतार एकाक्ष दाखविला जाई. समोरच्याची साधने कोणती आहेत, त्याला काय ऐकू येते व काय दिसते, हे देहावरूनच कळावे, हा त्यामागील हेतू होता. याच संशोधकांनी पुढे आणलेला आणखी एक प्रश्न आजही सुटलेला नाही : अवतार उभा आहे, पण त्यामागील माणूस उठून गेला आहे, हे इतरांनी कसे ओळखावे?

मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील हानेस व्हिल्ह्यालम्सॉन व जस्टीन कॅसेल यांनी १९९७-९८ मध्ये ‘बॉडीचॅट’ ही यंत्रणा तयार केली. तोवरच्या अवतारांना प्रत्येक हावभावासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागे. ‘बॉडीचॅट’मध्ये वापरणाऱ्याने आपला हेतू तेवढा कळवायचा, उदा., आपण संभाषणास तयार आहोत, आणि मग जवळ येणाऱ्याकडे पाहणे, भुवया उंचावणे, मान डोलावणे इ. क्रिया अवताराने आपोआप करायच्या, अशी योजना होती. २००३ मध्ये खुल्या झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाने अवतार सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविले. २०१६ पासून डोक्यावर चढवावयाची आभासी वास्तवाची साधने, म्हणजेच हेडसेट, सामान्य ग्राहकांना विकत मिळू लागली. २०२० मधील कोव्हिड-१९ च्या साथीत दूरस्थ बैठकांचा सर्वत्र प्रसार झाला आणि चित्रफितीच्या बैठकांतील थकवा हा चर्चेचा विषय बनला. अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचेच सतत दिसणारे प्रतिबिंब, एका जागी जखडून बसणे व संकेत देण्या-घेण्याचा ताण ही त्याची संभाव्य कारणे स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली. सपाट चौकटींच्या बैठकीत कोण कोणाकडे पाहत आहे हे कळू शकत नाही. एकाच खोलीत बसल्यासारखी रचना असलेल्या अवतारांच्या बैठकीत ते निदान तत्त्वतः कळू शकते.

कार्यपद्धती : माणसाची देहबोली अवतारापर्यंत नेण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली निवडीची. पडद्यावरील यादीतून ‘हात वर करणे’, ‘टाळ्या’, ‘नमस्कार’ यांपैकी हवी ती क्रिया निवडली जाते. ही पद्धती स्वस्त व निःसंदिग्ध आहे, पण मंद आहे. हातवारा शब्दानंतर येतो आणि म्हणून बोलण्याला साथ देण्याचे त्याचे काम त्याला करता येत नाही.

दुसरी पद्धती मापनाची. हेडसेट डोक्याचे स्थान व दिशा मोजते, हातांतील नियंत्रक दोन्ही मनगटांची माहिती देतात आणि उरलेला देह संगणक गणिताने अदमासाने जुळवितो. मनगट व खांदा यांचे स्थान ठाऊक असताना कोपर कोठे असेल, हे काढता येते, पण ते नेहमीच एकमेव नसते. त्यामुळे अवताराचा कोपर कधी विचित्र कोनात वाकलेला दिसतो. पाय व कंबर यांचे मापनच होत नसल्याने अनेक यंत्रणांनी अवतारांना कमरेखाली देहच दिला नाही. काही नियंत्रकांवर बोट टेकले आहे की उचलले आहे हे कळीवरील स्पर्शावरून ओळखून तर्जनीने दाखविणे वा अंगठा उंचावणे या मुद्रा साधता येतात. डोळे व चेहरा यांचे मापन करणारे संवेदक २०१९ नंतर काही हेडसेटांत बसविले जाऊ लागले.

तिसरी पद्धती अनुमानाची. आवाज चालू आहे की बंद, एवढ्यावरून ओठ, नजर व मान यांची हालचाल संगणक स्वतःच रचतो. ‘बॉडीचॅट’ हे तिचे आद्य उदाहरण. व्यवहारात या तिन्ही पद्धती मिसळून वापरतात आणि तेथेच एक गंभीर अडचण उद्‌भवते. दिसणारी मान प्रत्यक्ष डोलावलेली आहे की यंत्राने डोलावली आहे, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

संशोधनातील निष्कर्ष : (१) नजर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील माया गराऊ, मेल स्लेटर व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये केलेल्या प्रयोगात, बोलणे व ऐकणे यांच्या पाळीनुसार नजर वळविणारा अवतार हा वाटेल तशी नजर फिरविणाऱ्या अवतारापेक्षा संभाषणास लक्षणीय रीत्या अधिक उपयुक्त ठरला. २००३ मध्ये त्यांनी असेही दाखविले, की संभाषणानुसारी नजरेचा लाभ माणसासारख्या दिसणाऱ्या अवतारालाच मिळतो. अगदी साध्या, ओबडधोबड अवताराला तशी नजर दिल्यास उलट परिणाम होतो. म्हणजेच रूप व वर्तन यांची पातळी एकमेकांशी जुळणे आवश्यक असते. जपानी तंत्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांविषयी मांडलेली कल्पना येथे आठवते. जवळजवळ मानवी, पण पुरती मानवी नसलेली आकृती साध्या बाहुलीपेक्षाही अधिक अस्वस्थ करते, असे त्यांनी म्हटले होते.

(२) अंतर. मायकेल आर्गाइल (१९२५–२००२) व जेनेट डीन यांनी १९६५ मध्ये असा सिद्धांत मांडला, की अंतर व नजरानजर यांचा समतोल राखला जातो आणि जवळ यावे लागले की माणूस नजर कमी करतो. बेलेन्सन व सहकारी यांच्या २००३ मधील प्रयोगांत लोकांनी आभासी माणसाच्या पाठीपेक्षा त्याच्या समोरच्या बाजूस अधिक अंतर राखलेले आढळले. निक यी, बेलेन्सन इत्यादींनी २००७ मध्ये ‘सेकंड लाइफ’मधील अवतारांचे निरीक्षण केले. तेथेही दोन पुरुष-अवतारांमधील अंतर अधिक व नजरानजर कमी होती, तसेच अंतर घटताच नजर टाळली जात होती. तेथे माणसांचे देह घरोघरी संगणकापुढे बसलेले होते, तरीही प्रत्यक्ष जगातील संकोच त्यांनी आपापल्या अवतारांबरोबर नेला होता.

(३) निर्देश. सांघिक कामात ‘हा’, ‘तो’, ‘इकडे’ या शब्दांना बोटाची जोड लागते. हिंडमार्श, फ्रेझर, हीथ, बेनफर्ड व ग्रीनहाल्ग या ब्रिटिश संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यक्तींना आभासी खोलीतील सामानाची मांडणी ठरविण्यास सांगितले होते. पडद्यावरील दृष्टिक्षेत्र अरुंद असल्यामुळे बोट दाखविणारा अवतार आणि दाखविलेली वस्तू एकाच वेळी दिसत नसे. सहकारी ‘कुठे?’ असे विचारी, मग निर्देश करणारा जागेचे वर्णन करी, तोवर पहिला दुसरीकडे वळलेला असे. शेजारी उभे राहून क्षणात उरकणारे काम अशा रीतीने लहानशा संभाषणाएवढे लांबत गेले. यावर अवताराचा हात वस्तूपर्यंत लांबविणे, प्रत्येकाचे दृष्टिक्षेत्र किरणांच्या रेषांनी दाखविणे असे उपाय सुचविण्यात आले. ते निसर्गाशी विसंगत आहेत, परंतु कार्यसाधक आहेत. अवताराने माणसाची हुबेहूब नक्कल केलीच पाहिजे असे नसून, नकलेने जे हरवते ते अन्य मार्गाने भरून काढता येते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा बोध होय.

(४) रूप व साधने. यी व बेलेन्सन यांनी २००७ मध्ये दाखविले, की उंच अवतार मिळालेल्या व्यक्ती पैशाच्या वाटणीत अधिक आग्रही बनतात आणि ठेंगणा अवतार मिळालेल्या व्यक्ती अन्याय्य वाटणीही स्वीकारतात. स्लेटर व सहकारी यांच्या २००० मधील प्रयोगात तीन-तीन व्यक्तींच्या गटांनी आभासी खोलीत कोडी सोडविली. प्रत्येक गटातील एकाच व्यक्तीकडे हेडसेट होते व उरलेल्या दोघांकडे साधा पडदा. आभासी खोलीत बहुधा हेडसेटधारकच नेता बनला, परंतु प्रत्यक्ष खोलीत तीच मंडळी एकत्र येताच त्याचे नेतृत्व उरले नाही. प्रशिक्षणाच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. ज्याला नेतृत्वगुण समजून गुण दिले जातात, तो पुष्कळदा चांगल्या साधनाचा परिणाम असू शकतो.

(५) अनुकरण. बेलेन्सन व यी यांच्या २००५ मधील प्रयोगात समोरच्याच्या मानेच्या हालचाली चार सेकंदांनी हुबेहूब परत करणारे स्वयंचलित पात्र अधिक पटवून देणारे वाटले आणि बहुतेकांना हे अनुकरण लक्षातही आले नाही. अवतार हे केवळ संदेशवाहक नसून मध्येच संदेश बदलू शकणारे माध्यम आहे, हे यावरून दिसून येते.

प्रशिक्षणातील उपयोग : दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत जेफ रिकेल व लूइस जॉन्सन यांनी १९९० नंतरच्या दशकात ‘स्टीव्ह’ नावाचे स्वयंचलित पात्र तयार केले. जहाजावरील यंत्रे हाताळण्याची रीत ते आभासी यंत्रकक्षात करून दाखवी, यंत्राकडे बोट करी, प्रशिक्षणार्थीकडे वळून पाही आणि कृती बरोबर असल्यास मान डोलावी. पुढे त्याला सांघिक प्रशिक्षणात आणण्यात आले. अनेक ‘स्टीव्ह’ अनुपस्थित सहकाऱ्यांच्या भूमिका करीत आणि कोणीतरी कृती केली, की तिकडे पाहत. सहकाऱ्याने आपली कृती पाहिली आहे, एवढी जाणीव देणारी ती नजर शब्दाने दिलेल्या पोचेइतकीच मोलाची असते. याच विद्यापीठात २००० नंतरच्या दशकात तयार झालेल्या इराकी अरबी भाषेच्या प्रशिक्षणक्रमात सैनिकाला वाक्याबरोबर योग्य हावभावही निवडावा लागे, उदा., अभिवादन करताना छातीवर हात ठेवणे. शब्द बरोबर व मुद्रा उर्मट, असे झाल्यास गावकरी-पात्रांचा विश्वास कमी होत असे. स्टॅनफर्ड येथे तातडीच्या उपचार-पथकांना आभासी उपचार-विभागात अवतारांद्वारे प्रशिक्षण देण्याचे प्रयोग झाले, तर सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठाच्या ‘टीचलाइव्ह’ या योजनेत भावी शिक्षकांना आभासी वर्गापुढे उभे केले जाई व तेथील विद्यार्थ्यांचे अवतार पडद्यामागील कुशल व्यक्ती चालवी.

अशा प्रशिक्षणाचा प्रत्यक्षाहून वेगळा लाभ उत्तरार्धात, म्हणजे सरावानंतरच्या समीक्षेत दिसतो. संगणकाने प्रत्येक नजर, अंतर व हालचाल नोंदविलेली असल्याने तोच प्रसंग पुन्हा, तोही कोणाही सहकाऱ्याच्या डोळ्यांनी, पाहता येतो. पथकप्रमुखाने आज्ञा देताना एकाच व्यक्तीकडे पाहिले व दुसरी व्यक्ती तीन वेळा काही सांगू पाहत होती, हे चर्चेने पटत नाही, पण त्या दुसऱ्या व्यक्तीच्या स्थानावरून प्रसंग पाहिल्यावर पटू शकते.

मर्यादा : नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर आजचा अवतार आंगिक अभिनय काही प्रमाणात आणि आहार्य अभिनय मुबलक करू शकतो. सात्त्विक भाव मात्र त्याला जवळजवळ अप्राप्य आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय या आठांपैकी स्वरभेद ध्वनीतून पोहोचतो आणि वेपथू म्हणजे कंप हा हातांच्या मापनातून क्वचित दिसतो; तोही अनेक यंत्रणा मापनातील दोष समजून गाळून टाकतात. घाबरलेल्या शिकाऊ परिचारिकेचा हात थरथरतो हे प्रशिक्षकाला कळावयास हवे, नेमके तेच यंत्र गुळगुळीत करून टाकते.

संस्कृतिभेद ही दुसरी मर्यादा होय. अंगठा व तर्जनी जुळवून केलेली मुद्रा काही देशांत ‘उत्तम’ या अर्थाची, तर काहींत अश्लील समजली जाते. भारतात अनेक ठिकाणी मान दोन्ही बाजूंना हलकेच डोलविण्याचा अर्थ प्रसंगानुसार ‘हो’, ‘समजले’, ‘बरे, पाहू’ असा बदलतो. होकार व नकार या दोनच हालचाली असलेल्या यादीत त्याला जागा नसते आणि परदेशी सहकाऱ्याला ती हालचाल दिसली, तरी तिचा अर्थ लागेलच असे नाही. पुणे, मुंबई येथील अभियंते युरोप-अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर एकाच संघात काम करतात, तेव्हा हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. अवतारांच्या ठराविक क्रियांचा संच तयार करणारा एक प्रकारे सर्वांसाठी शिष्टाचाराचे नियमच ठरवीत असतो.

यांशिवाय हेडसेटमुळे काहींना मळमळ होते. चष्मा वापरणारे, चाकाच्या खुर्चीतून हिंडणारे व एका हाताने काम करणारे यांची अनेक यंत्रणांत गैरसोय होते. दुसऱ्या बाजूने, देहबोलीवाचून सांघिक कार्य अशक्यच आहे असेही नाही. जोसेफ वॉल्थर यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार पुरेसा वेळ मिळाल्यास केवळ मजकुराद्वारेही माणसे निकटचे संबंध जोडतात. गती मंद असते एवढेच. म्हणून जेथे काम सावकाश चालते तेथे अवतारांची गरज कमी व जेथे निर्णय क्षणात घ्यावयाचा असतो तेथे अधिक, असे ढोबळ मानाने म्हणता येते.

नैतिक व वैधानिक प्रश्न : देहाची हालचाल ही व्यक्तीची ओळखही असते. स्टॅनफर्ड येथील २०२० मधील अभ्यासात ५११ व्यक्तींपैकी सु. ९५ टक्के व्यक्ती पाच मिनिटांहून कमी वेळाच्या हालचालींच्या नोंदीवरून ओळखता आल्या. २०२३ मधील दुसऱ्या एका अभ्यासात ५०,००० हून अधिक व्यक्तींमधून केवळ १०० सेकंदांच्या डोके व हात यांच्या हालचालींवरून सु. ९४ टक्के अचूकतेने ओळख पटली. तेव्हा अवताराला वेगळे रूप व नाव दिल्याने प्रशिक्षणार्थी अनामिक राहतो, ही समजूत फोल आहे.

याहून नाजूक प्रश्न मूल्यमापनाचा आहे. नजर व चेहरा यांच्या नोंदींवरून ‘आत्मविश्वास’, ‘एकाग्रता’ वा ‘सहकार्यवृत्ती’ यांचे गुण काढून ते बढतीसाठी वापरण्याचा मोह नियोक्त्यांना होणे शक्य आहे. लिसा फेल्डमन बॅरेट व सहकारी यांनी २०१९ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्यानुसार चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना विश्वसनीयपणे ओळखता येत नाहीत. एकाच भावनेत चेहरे वेगवेगळे होतात व एकाच चेहऱ्यामागे वेगवेगळ्या भावना असतात. युरोपीय संघाच्या २०२४ मधील कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक अधिनियमाने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांच्या वापरास वैद्यकीय व सुरक्षाविषयक कारणांचा अपवाद करून मनाई केली असून ती मनाई २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली.

अवतारांद्वारे दिलेल्या सांघिक प्रशिक्षणाचे यश अवतार किती सुबक आहे यावर ठरत नाही. सर्वांची साधने समान असणे, कोणत्या हालचाली माणसाच्या व कोणत्या यंत्राच्या हे सर्वांना ठाऊक असणे, सरावाच्या नोंदी शिकण्यापुरत्याच वापरल्या जाणे आणि आभासी अवकाशात जे दिसत नाही ते शब्दांनी सांगण्याची सवय लावणे, या चार अटी पाळल्यास या माध्यमाचा उपयोग होतो. यांपैकी शेवटची अट सर्वांत साधी असली, तरी सर्वांत दुर्लक्षित आहे. ज्या संघातील माणसे ‘मला दिसत नाही’ आणि ‘मला समजले नाही’ असे निःसंकोचपणे म्हणू शकतात, त्या संघाला ठोकळ्यांचे अवतारही पुरतात. ज्यांना हे म्हणता येत नाही, त्यांना प्रत्यक्ष एका खोलीत बसविले तरी उणीव उरतेच.